रुग्ण झटकन ‘हो’ म्हणतो तेव्हा: आरोग्य प्रश्नावलीसाठी कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू कसा घ्यावा

ज्या प्रश्नावर रुग्ण अडखळतो त्याची फार काळजी करू नका. तो अडखळला हे दिसतं, विचारणारा थांबतो, आज ना उद्या प्रश्न दुरुस्त होतो. काळजी करायची ती रुग्ण झटकन उत्तर देतो त्या प्रश्नाची. ‘जेवणातलं मीठ कमी केलंत का?’ असं बीपीच्या रुग्णाला विचारलं की वाक्य संपायच्या आत ‘हो, केलंय’ येतं. फॉर्मवर खूण होते, आकडा एक्सेलमध्ये जातो, तक्ता तयार होतो. रुग्णानं ‘मीठ’ म्हणजे ताटात वरून घेतलेलं मीठ एवढंच धरलं होतं, रोजची शेंगाचटणी, लोणचं आणि पापड हिशेबात घेतलेच नव्हते, हे त्या तक्त्यात कुठंच दिसत नाही.

म्हणून प्रश्नावली छापण्याआधी थोड्या रुग्णांबरोबर निवांत बसायचं आणि उत्तरापर्यंत ते कसे पोचले ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. मराठीत आकलन मुलाखत म्हणू. सोलापूर शहरात किंवा जिल्ह्यात रुग्णांसाठी पहिल्यांदाच प्रश्नावली करणाऱ्यांसाठी, म्हणजे पीजीचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी, नर्सिंगचे शिक्षक, संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणासाठी बीपीच्या रुग्णांची दहा प्रश्नांची प्रश्नावली डोळ्यांपुढं ठेवली आहे.

पायलट, म्हणजे प्रश्नावलीची छोटी रंगीत तालीम, ती हे नव्हे. पायलटमध्ये तीस-चाळीस फॉर्म भरून घेतले की कुठला प्रश्न रिकामा राहतो, किती वेळ लागतो, हे कळतं. का रिकामा राहतो ते कळत नाही, आणि भरलेला चुकीचा भरला गेला असेल तर तेही कळत नाही. आधी आकलन मुलाखती, मग पायलट, हा क्रम ठेवा.

उत्तर कुठं बिघडतं

रॉजर टुरँगो यांनी १९८४ मध्ये मांडलेले चार टप्पे आजही या कामाचा पाया आहेत. रुग्ण प्रश्न समजून घेतो, लागणारी माहिती आठवतो, आठवलेल्यावरून अंदाज बांधतो आणि शेवटी तो अंदाज तुमच्या पर्यायांपैकी एकात बसवतो. चारांपैकी कुठल्याही टप्प्यावर घोळ होतो, आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी असते. मिठाच्या प्रश्नात समजण्यातच फरक पडला. ‘गेल्या चार आठवड्यांत किती दिवस गोळी राहिली?’ यात समजायला अवघड काही नाही, पण अठ्ठावीस दिवसांचा हिशेब कुणाच्या डोक्यात नसतो. ‘गोळी चुकवली का?’ मध्ये आठवण शाबूत असते, तरी ‘चुकवली’ या शब्दात आरोप आहे म्हणून रुग्ण ‘नाही’ सांगून मोकळा होतो. आणि ‘क्वचित’ हा पर्याय वाचून दाखवला की बरेच जण त्याला वळसा घालून ‘कधी कधी’वर येतात, कारण ‘क्वचित’ त्यांच्या बोलण्यातच नाही.

पायरी १: आधी कागद स्वतः तपासा

रुग्णाचा वेळ घेण्याआधी जे टेबलावर बसून दिसतं ते टेबलावरच काढा. एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत का? ‘गोळ्या आणि पथ्य नियमित पाळता का?’ याला गोळ्या घेणारा पण पथ्य न पाळणारा माणूस काय सांगणार? नकारार्थी शेपूट आहे का? ‘औषध बंद तर केलं नाही ना?’ याला ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही उत्तरांचा अर्थ एकच होऊ शकतो. कालावधी दिलाय का, आणि दिला असेल तर सगळ्या प्रश्नांत एकच आहे का? प्रश्न मोठ्यानं वाचा. एका दमात वाचून होत नसेल तर तो लांब आहे.

प्रत्येक प्रश्नापुढं एका ओळीत लिहून ठेवा की यातून तुम्हाला नेमकं काय मोजायचं आहे. ही ओळ लिहिता येत नसेल तर तो प्रश्न काढून टाका. पुढं मुलाखतीत रुग्णाचा अर्थ आणि तुमचा अर्थ जुळवून बघायला हीच ओळ लागते.

पायरी २: परवानगी आणि संमती

रुग्णांवरचं संशोधन आहे, त्यामुळं एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं इथं लागू होतात. प्रश्नावलीचा मसुदा, पुढं विचारायच्या खोदप्रश्नांची (पायरी ४ बघा) यादी, मराठी संमतीपत्र आणि रेकॉर्डिंगची वेगळी संमती, सगळं एकत्र जोडा. मुलाखती दोन-तीन फेऱ्यांत होतील आणि मधे प्रश्नांचे शब्द बदलणार आहेत हे अर्जातच लिहा, नाहीतर प्रत्येक बदलासाठी पुन्हा कमिटीपुढं जावं लागेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी. रेकॉर्डिंगला ‘नको’ म्हणणाऱ्याची मुलाखत हातानं टिपून घ्यायची, त्याला वगळायचं नाही.

मोबदल्याचंही याच अर्जात ठरवा. विड्या वळणाऱ्या बाईचा तास गेला म्हणजे तिच्या हजारातल्या काही विड्या गेल्या. प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेची भरपाई द्यावी, पण रक्कम इतकी मोठी नको की ‘नको’ म्हणणं अवघड व्हावं.

पायरी ३: किती जण, कोण

एका फेरीत पाच ते दहा. पहिल्या फेरीला आठ धरा, मग दुरुस्ती, मग दुसरी फेरी आणि बहुतेक वेळा तिसरीही. एकूण पंधरा ते तीस मुलाखती होतात. संख्येपेक्षा विविधता महत्त्वाची. इथं टक्केवारी काढायची नाही, प्रश्न कुठं कुठं मोडतो ते शोधायचं आहे.

सोलापुरात विविधता भाषेपासून सुरू होते. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, शहरात उर्दूही. मराठी व्यवस्थित बोलणारा रुग्णसुद्धा दुखणं, थकवा, घाबरं होणं घरच्या भाषेत अनुभवतो. त्यामुळं मराठी प्रश्नावलीच्या आठांमध्ये निदान तिघे असे असावेत ज्यांची घरची भाषा मराठी नाही. तेलुगू किंवा कन्नड आवृत्तीही करायची असेल तर तिच्या मुलाखती वेगळ्या, ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून. मराठी फॉर्म हातात धरून जागच्या जागी तोंडी भाषांतर करत घेतलेल्या मुलाखतीत तुम्ही त्या दुभाष्याची प्रश्नावली तपासता, तुमची नव्हे.

मग शिक्षण, वय आणि काम. लूमवर (यंत्रमागावर) उभा राहणारा, विडी कामगार, मंगळवेढ्याकडचा ज्वारी पिकवणारा शेतकरी, निवृत्त कारकून यांना एकच प्रश्न चार प्रकारे लागतो. ‘तुम्ही व्यायाम करता का?’ हा प्रश्न घ्या. पाळीभर लूमच्या मागंपुढं फिरणारा कामगार ‘नाही’ म्हणतो, कारण व्यायाम म्हणजे सकाळचं चालणं किंवा योगासनं. निवृत्त कारकून सिद्धेश्वर तलावाकडं अर्धा तास चालून येतो आणि ‘हो’ म्हणतो. शारीरिक हालचाल मोजण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत कामावरची, येण्याजाण्यातली आणि फावल्या वेळेतली हालचाल वेगवेगळी विचारली जाते, ती याचसाठी.

नुकतंच निदान झालेला आणि दहा वर्षं गोळ्या खाणारा, दोघेही घ्या. जुना रुग्ण दवाखान्याचे शब्द शिकलेला असतो, त्यामुळं त्याला सगळं समजतं.

पायरी ४: खोदप्रश्नांचा कागद

खोदप्रश्न म्हणजे उत्तर मिळाल्यावर त्या उत्तराबद्दल विचारायचे प्रश्न. प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाला दोन ते तीन पुरेत. पन्नास मिनिटांत दहा प्रश्न खोदून होतात, फार तर बारा-पंधरा. प्रश्नावली तीस प्रश्नांची असेल तर तिचे भाग पाडा आणि वेगवेगळ्या रुग्णांना वेगळा भाग द्या. तासाच्या पुढं रुग्ण थकतो आणि काहीही मान्य करतो.

शब्द नेमके लिहून ठेवा. समजण्यासाठी: ‘हा प्रश्न शेजारणीला विचारायचा असेल तर कसा विचाराल?’ आणि ‘जेवणातलं मीठ म्हटल्यावर काय काय डोळ्यांपुढं आलं?’ आठवणीसाठी: ‘तीन दिवस म्हणालात, ते कसं काढलंत?’ अंदाजासाठी: ‘याची खात्री किती वाटते?’ पर्यायांसाठी: ‘कधी कधी असं सांगितलंत, बऱ्याचदा असं का नाही?’ नाजूक प्रश्नांसाठी माणसाला स्वतःबद्दल विचारूच नका: ‘असा प्रश्न विचारला तर लोकांना सांगायला जड जाईल का?’

‘समजलं का?’ हा खोदप्रश्न कागदावर असेल तर खोडा. सिव्हिलमध्ये केसपेपर धरून बसलेला माणूस याला ‘हो’ शिवाय दुसरं काही म्हणणार नाही.

शब्दाची हद्द बघायची असेल तेव्हा कल्पित माणूस उपयोगी पडतो. ‘एक बाई सकाळची गोळी रोज घेते, पण रात्रीची संपली म्हणून आठवडाभर घेतली नाही. ती गोळ्या नियमित घेते असं म्हणाल का?’ यावर एक जण म्हणेल ‘घेते की, संपल्या त्याला ती काय करणार’, दुसरा म्हणेल ‘नाही’. ‘नियमित’ या शब्दावर तुमचा आकडा का उभा राहणार नाही, ते इथं कळतं.

पायरी ५: दिवस, वेळ, जागा

मुलाखती फसतात त्या बहुतेक वेळा याच पायरीवर. डॉक्टरांना दाखवण्याआधी रुग्णाला बसवू नका. नंबर जाईल या धास्तीनं तो दाराकडं बघत उत्तरं देतो. तपासणी झाल्यावर, औषधं हातात आल्यावर विचारा. उपाशीपोटी शुगर तपासायला आलेला असेल तर त्यानं काही खाल्ल्यावर. घरी जायचं असेल तर त्या भागात पाणी सुटण्याचा दिवस आधी विचारून घ्या. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं त्या दिवशी कुणीही तासभर बसणार नाही, आणि बसलंच तर अर्धं लक्ष पिंपाकडं असेल. विडी कामगार बायकांना कारखान्यात विड्या देऊन आल्यानंतरची वेळ सोयीची. एप्रिल-मेमध्ये दुपार टाळाच.

अ‍ॅप्रन घालू नका आणि डॉक्टरांच्या खुर्चीत बसू नका. आशाताईंची ओळख रुग्ण मिळवायला मदत करते, पण मुलाखतीला त्याच शेजारी बसल्या तर गोळ्या, तंबाखू आणि पथ्य यांची उत्तरं त्यांच्यासाठी दिली जातात. नातेवाइकांचंही तसंच. सून किंवा मुलगा पुढं होऊन उत्तर देत असेल तर दुसऱ्या सहकाऱ्यानं त्यांना पत्ता, औषधांची यादी असली माहिती विचारत बाजूला न्यावं. रेकॉर्डर रुग्णाच्या जवळ ठेवा आणि आधी एक मिनिट ऐकून बघा. पंखा आणि शेजारचा लूम आवाज खाऊन टाकतात.

पायरी ६: प्रत्यक्ष मुलाखत

सुरुवातीला सांगायचं वाक्य पाठ करा: ‘काकू, तुमची परीक्षा नाही. परीक्षा या कागदाची आहे. कुठला प्रश्न विचित्र वाटला, कळला नाही, तर तो आमचा दोष, आणि तेच आम्हाला हवंय.’ काकू, मामा, अक्का, ज्यांना जे शोभेल ते म्हणा.

मग मोठ्यानं विचार करायची सवय. यासाठी घरातल्या खिडक्या मोजायला सांगायची जुनी पद्धत आहे. सोलापुरात त्याऐवजी विचारा: ‘मागच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा घरात किती भांडी भरून ठेवली? मनात मोजता मोजता मोठ्यानं सांगा.’ कळशी, हंडा, पिंप करत रुग्ण बोलू लागतो आणि ‘बादली धरू का?’ असं स्वतःच विचारतो. तेव्हा सांगा, ‘असंच, हीच शंका बोलून दाखवायची.’ काहींना हे जमतच नाही, त्यांच्याशी फक्त खोदप्रश्नांवर काम चालवा.

प्रश्नावली ज्या पद्धतीनं भरली जाणार आहे त्याच पद्धतीनं पुढं जा. रुग्ण स्वतः वाचून भरणार असेल तर त्याच्या हातात कागद द्या, चष्मा आणलाय का बघा, अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. वाचून दाखवणार असाल तर जसं लिहिलंय तसंच वाचा. मधे समजावून सांगितलं की तपासणी तिथंच संपली.

नमुन्यादाखल रचलेला एक तुकडा:

मुलाखतकार: मीठ कमी केलंय, असं म्हणालात. कसं कमी केलंत?
रुग्ण: ताटात वरून घेत नाही आता.
मुलाखतकार: काल दुपारी काय जेवलात?
रुग्ण: कडक भाकरी, पिठलं, शेंगाचटणी. लोणचं थोडंसं.
मुलाखतकार: मग चटणीतलं मीठ धरलं नव्हतं का?
रुग्ण: नाही... ते पण धरायचं असतंय का? बरं, मग ‘नाही’ लिहा.

पहिले दोन खोदप्रश्न चांगले आहेत. तिसऱ्यानं घोटाळा केला. त्यात ‘तुम्ही चुकलात’ असं ऐकू आलं आणि रुग्णानं उत्तर फिरवलं. तिथं ‘यातलं काय काय धरून तुम्ही हो म्हणालात?’ एवढंच विचारायचं होतं. उत्तर सुधारून घेणं आणि आहार समजावणं हे मुलाखत संपल्यावर, रेकॉर्डर बंद करून. नवख्यांना, त्यातही डॉक्टर आणि सिस्टरना, हे सगळ्यात अवघड जातं.

शांत राहायलाही शिका. प्रश्न विचारून पाच-सहा सेकंद थांबलं की बरंच काही आपोआप येतं.

उदासी, झोप, जगण्याचा कंटाळा असे प्रश्न असतील तर मुलाखत सुरू होण्याआधी कुणाकडं पाठवायचं ते ठरलेलं असलं पाहिजे: मानसोपचार विभागातली नेमकी व्यक्ती, तिची वेळ. रुग्णानं जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तर खोदणं तिथंच थांबवा, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडं न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेली चिठ्ठी सगळ्यांनाच द्या, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

पायरी ७: त्याच दिवशी लिहा

एका मुलाखतीला लिहायला दीड-दोन तास लागतात, म्हणून एका माणसानं दिवसात दोनच घ्याव्यात. शब्दन् शब्द उतरवायची गरज नाही. प्रश्नागणिक चार-पाच ओळी आणि रुग्णाचं महत्त्वाचं वाक्य त्याच्याच बोलीत. ‘दम लागायलाय’ असं तो म्हणाला तर ‘श्वास घेण्यास त्रास’ असं लिहू नका. ‘दम लागणं’ हे कुणाला जिना चढल्यावरची धाप वाटतं, कुणाला थकवा, कुणाला दमा. तो फरक तुमच्या शुद्ध मराठीत पुसला जातो.

एक्सेलमध्ये आडव्या ओळीत रुग्ण, उभ्या रकान्यात प्रश्न. प्रत्येक चौकटीत काय घडलं ते आणि पुढं एक खूण: समज, आठवण, अंदाज, पर्याय. पाचवी खूण ‘लागू नाही’ची ठेवा. एकमजली घरात राहणाऱ्याला ‘दोन जिने चढताना’ विचारलं की तो कल्पनेनं उत्तर देतो. फेरी संपली की रकाना वरून खाली वाचा.

इथं मतमोजणी करायची नाही. आठांपैकी एकानंच ‘उपासाच्या दिवशी गोळी घेत नाही, पण ती चुकवली असं कसं म्हणायचं’ असं सांगितलं, तरी कारण स्पष्ट आहे. सोमवार, एकादशी, रोजे धरणारे रुग्ण पुढं शेकड्यानं येणार आहेत. उलट तिघांना एखादा शब्द ‘जरा जड’ वाटला, पण अर्थ बरोबर धरला, तर तो तसाच राहू द्या.

पायरी ८: दुरुस्ती, आणि दुरुस्तीचीही तपासणी

गोळीचा प्रश्न असा बदलता येईल: ‘बऱ्याच जणांची कधी ना कधी गोळी राहून जाते. गेल्या सात दिवसांत किती दिवस बीपीची गोळी घेतली गेली नाही? विसरल्यामुळं, संपल्यामुळं, उपासामुळं, कुठल्याही कारणानं.’ आरोप गेला, चार आठवड्यांचे सात दिवस झाले, संपलेल्या गोळ्या हिशेबात आल्या. कालावधी लांबच हवा असेल तर कॅलेंडरच्या तारखेपेक्षा खूणगाठ द्या: गड्ड्याची जत्रा झाल्यापासून, आषाढीपासून, आठवडी बाजारापासून. गावोगावी बाजाराचा वार वेगळा, हे लक्षात ठेवून.

मिठाच्या प्रश्नाचे दोन करा: ताटात वरून मीठ घेता का, आणि गेल्या सात दिवसांत चटणी, लोणचं, पापड यांपैकी काही किती दिवस खाल्लं. दुसऱ्या फेरीत नवी अडचण येईल. चटणी रोजच असते, त्यामुळं जवळजवळ सगळे ‘सात’ सांगतात आणि प्रश्न कुणालाच कुणापासून वेगळं करत नाही. मग किती चमचे, हे चमचा दाखवून विचारावं लागतं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा म्हणजे साधारण एक लहान चमचा. त्या मापाशी नातं सांगेल असाच प्रश्न उपयोगाचा. दुरुस्तीनं नवा दोष आणला, हे दुसऱ्या फेरीशिवाय दिसत नाही.

पर्याय तपासायला पाच कार्डं करा, एकेकावर एक पर्याय, आणि रुग्णाला कमीकडून जास्तकडं लावायला सांगा. क्रम हलला की तो शब्द बदला. वाचता न येणाऱ्यांसाठी शब्दांऐवजी दिवस मोजा.

एक वही शेवटपर्यंत चालवा: जुना प्रश्न, काय घडलं, का घडलं, नवा प्रश्न, कुठल्या फेरीत. तीन महिन्यांनी गाइड विचारतील की हा शब्द कुठून आला, तेव्हा हीच वही बोलेल.

तयार प्रश्नावली वापरत असाल तर

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ सारखं साधन घेतलं तर त्याचे शब्द मनानं बदलायची मुभा नसते. त्यात नऊ प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. वापर मोफत आहे, पण शब्द बदलले की इतरांच्या गुणांशी तुलना संपली. एसएफ-३६ किंवा ईक्यू-५डी या एकूण तब्येतीबद्दलच्या प्रश्नावल्यांसाठी आधी मालक संस्थेची परवानगी, आणि त्यांच्याकडं मराठी आवृत्ती आहे का ही चौकशी.

तरीही मुलाखती घ्याच. पीएचक्यू-९ मध्ये झोप न लागणं किंवा फार झोपणं एकाच प्रश्नात आहे, भूक न लागणं किंवा जास्त खाणं एकात, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ होणं एकात. रुग्ण बहुधा पहिलं अर्धं ऐकून उत्तर देतो. एसएफ-३६ मध्ये मध्यम श्रमाची उदाहरणं म्हणून व्हॅक्यूम क्लीनर आणि गोल्फ आहेत. पाण्याचा हंडा उचलणाऱ्या बाईला त्यातून काय मोजलं जातंय ते कळणार नाही. असं सापडलं की तीन गोष्टी करता येतात: परवानगी मागून उदाहरण बदलणं, मालक संस्थेला निष्कर्ष कळवणं, आणि तोवर सगळ्या मुलाखतकारांसाठी एकच ठरलेलं स्पष्टीकरण छापून देणं. भाषांतर उलट इंग्रजीत नेऊन पाहिलं की काम झालं असं समजू नका. उलट भाषांतर दोन शिकलेल्या माणसांमध्ये होतं, रुग्ण त्यात कुठंच नसतो.

कधी थांबायचं

नव्या फेरीत नवा प्रकारचा घोळ आला नाही आणि ठेवलेल्या प्रत्येक प्रश्नाचा रुग्णांनी सांगितलेला अर्थ पायरी १ मध्ये लिहिलेल्या ओळीशी जुळला, की थांबा. पैसे किंवा वेळ त्याआधी संपला तर न सुटलेले प्रश्न अहवालात तसेच नोंदवा आणि त्यांची उत्तरं मुख्य निष्कर्षात वापरू नका. छपाईला देताना फॉर्मच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख टाका आणि जुने गठ्ठे ओपीडीतून उचलून आणा. नाहीतर पहिल्या मसुद्याचे फॉर्म कपाटात राहतात आणि कुणीतरी तेच भरून घेतं.